स्वोय

कोपरखैरण्यात, सेक्टर पाचच्या बैठ्या खोलीत
मी रशियन शिकवते.
त्याआधी तुर्भ्याच्या कारखान्यात पंचवीस वर्षं
यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणल्या.
झडप. दाब. गळती.
यंत्राची भाषा कुणाला हसून बोलत नाही,
म्हणून ती फसवतही नाही.

निकेत मढवी घणसोलीहून स्कूटरवर आला,
हेल्मेट कडेवर, लहान मूल घ्यावं तसं.
"हेल्परचं काम आहे मॅडम, गोदामात.
चाळीस शब्द बास झाले, एजंट म्हणाला."
वाशीच्या त्या एजंटाला
माणसाला किती शब्द लागतात, नेमकं ठाऊक होतं.

पाव म्हणजे खल्येब. पाणी म्हणजे वदा.
"वडा?" म्हणाला, आणि मागच्या बाकावरच्या
दोघी मुली हसून लोळल्या.
चुकलं की मी पट्टी टेबलावर आपटते, जुनी सवय.
चाळीस झाले तेव्हा एकेचाळिसावा मी आपणहून टाकला,
भाजीवाली वर चार काड्या कोथिंबीर टाकते तसा :
स्वोय. म्हणजे आपला. आपल्यातला.
आपला 'स्व'च तो, म्हटलं, लांब गेलेला चुलतभाऊ.
त्यानं वहीत लिहून भोवती चौकोन काढला.

चैत्रात त्याचा बाप आला. हसुराम मढवी.
पिशवीत सुके बोंबील, माझ्यासाठी,
आणि बोंबलांखाली सात पानांची झेरॉक्स.
"याचा मराठी करा."

मी चष्मा पुसला. करायला लागले.
स्वेच्छेने, असं पहिल्याच ओळीत.
मुदत एक वर्ष, पण संपली कधी म्हणायची
ते दुसरंच कुणीतरी ठरवणार.
हेल्पर शोधला. सातही पानांत नव्हता.
एक शब्द मात्र ओळखीचा निघाला : चास्त्य.
कारखान्यात हजारदा लिहिलाय. भाग. यंत्राचा सुटा भाग,
झिजला तर बदलायचा.
इथं त्याचा अर्थ पलटण.
सदर इसमास अमुक क्रमांकाच्या भागात जोडण्यात येईल.
मी 'पलटण' लिहिलं. बराच वेळ पेन उचललं नाही.

हसुराम ऐकत होता, पानांकडे न बघता.
मग म्हणाला,
"माजे बापानं सिडकोचे कागदाव आंगठा दिलता.
त्याला वाचता येत नव्हता.
माजा पोर डिप्लोमावाला. त्यानी सही केली.
त्यालाबी वाचता नय आला."

वैशाखात रात्री पावणेतीनला फोनवर आवाज आला,
अनोळखी नंबर, मागं वारा की गाड्या, कळत नव्हतं.
"मॅडम, तो चौकोनातला शब्द चालला.
अंधारात कुणीतरी ओरडलं, मी ओरडलो स्वोय,
त्यांनी बंदूक खाली केली.
तंबूतल्या नेपाळी पोरालाही मी तो शिकवला.
त्याचा व नीट लागत नव्हता."
मग नुसता वाराच.
मग, "घरी जायचंय, याला काय म्हणतात? घाईत विसरलो विचारायचं."

दमोय, निकेत.
मी ते दोनदा बोलले, सावकाश, वर्गात बोलते तसं.
पाठवलं.
एकच टिक आहे, अजून.

हसुराम आता शुक्रवारी येतो.
कुणा अधिकाऱ्याचा नंबर मिळालाय त्याला,
दुभाषा नकोय, त्याला स्वतःला बोलायचंय.
दोनच शब्द मागितलेत : माझा मुलगा.
मोय सिन.
त्यातला स्वर अवघड. ना इ, ना उ,
जीभ मागं ओढून घशाशी धरून ठेवायचा.
मराठीत तो नाही.
माझ्या हुशार मुलांना महिने लागतात.

त्याला पहिल्याच वेळी आला.
पट्टी हातात होती, ती मी ड्रॉवरमध्ये ठेवली
आणि म्हटलं, पुन्हा म्हणा.